टाकी भरण्याची पाच मिनिटे

9 ऑगस्ट 2003च्या संध्याकाळी कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या पूर्व टोकावरून, केप स्पिअरहून, एक मॉडेल विमान अटलांटिकच्या दिशेने झेपावले. 38 तास 52 मिनिटांनी ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिफडेनजवळ मॅनिन बीचवर उतरले. अंतर झाले सुमारे 3,030 किलोमीटर. विमान बनवणारे मेनार्ड हिल तेव्हा 77 वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. विक्रमाच्या नियमांमुळे भरल्या टाकीसह विमानाचे वजन 5 किलोच्या आत ठेवावे लागले आणि त्यातले जवळपास निम्मे वजन इंधनाचेच होते. हे इंधन म्हणजे कंदील आणि स्टोव्हसाठी डब्यातून विकले जाणारे, पेट्रोलच्याच जातकुळीतले स्वच्छ द्रव्य. एवढ्याशा इंधनात किती ताकद साठवलेली असते, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

हीच ताकद माळरानावर रविवारी सकाळी अर्ध्या लिटरच्या टाकीत भरली जाते. 50 सीसी इंजिनाचे, दोन-सव्वादोन मीटर पंखांचे मॉडेल घेऊन आलेला हौशी वैमानिक पंख्याच्या फिरत्या पात्यापासून जपून असतो, बॅटरीचे व्होल्टेज दोनदा तपासतो, ट्रान्समीटरची रेंज पाहतो. टाकी भरण्याचे काम मात्र बहुतेकदा गप्पा मारता मारता उरकले जाते. मॉडेल विमानांच्या छंदात आग लागण्याची शक्यता ज्या मोजक्या क्षणी सर्वाधिक असते, त्यातला हा एक क्षण आहे. त्या पाच मिनिटांसाठी वेगळी शिस्त लागते, आणि ती समजून घेतली तर पाळायला अजिबात अवघड नाही.

पेट्रोल पुन्हा कसे आले

मॉडेल विमानांचा इंजिनाशी संबंध सुरू झाला तो पेट्रोलनेच. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बिल ब्राऊन यांनी बनवलेले ‘ब्राऊन ज्युनिअर’ हे छोटे इंजिन ठिणगीवर चालायचे. 1933मध्ये मॅक्सवेल बॅसेट यांनी त्या इंजिनाच्या जोरावर राष्ट्रीय स्पर्धा गाजवली. 1940च्या दशकाच्या अखेरीस रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि जड कॉइल-बॅटरीची गरज संपली. त्यानंतर काही दशके मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल किंवा कृत्रिम तेल यांच्या मिश्रणाचे, म्हणजे ग्लो इंधनाचे, राज्य होते. पुढे लाकूड कापायच्या यांत्रिक करवतींची आणि गवत कापायच्या यंत्रांची इंजिने मोठ्या मॉडेलांवर बसू लागली, हलकी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आली आणि पेट्रोल परतले. ते स्वस्त, कोपऱ्यावरच्या पंपावर मिळणारे आणि कमी खर्च होणारे होते.

या बदलात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली नाही. ग्लो इंधनावर हात बसलेल्यांनी त्याच्या सवयी पेट्रोललाही लावल्या. मिथेनॉलचा ज्वलनबिंदू, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सोडण्याचे किमान तापमान, साधारण 11 अंश सेल्सिअस असतो. पेट्रोलचा असतो उणे 40 अंशांच्या आसपास. महाबळेश्वरच्या कडाक्याच्या पहाटेसुद्धा उघड्या पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ असते; मे महिन्यातल्या माळरानाविषयी वेगळे सांगायला नको.

वाफ कुठे जाते

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते, हे शाळेत शिकलेले असते. माळावर उपयोगी पडतात ते त्याच्या पुढचे तीन तपशील.

पहिला तपशील वजनाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही. टेबलावरून ओघळते, गवतातून सरकते, खड्ड्यात साचते, विमानाच्या धडाच्या तळाशी जाऊन बसते. चार पावले दूर जमिनीवर ठेवलेला चार्जर किंवा कोणीतरी विझवली असे समजून टाकलेली सिगारेट तिच्या वाटेत येऊ शकते.

दुसरा तपशील प्रमाणाचा. हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के पेट्रोल-वाफ असेल तेव्हाच ती पेट घेते. भरल्या डब्यात द्रवावरच्या पोकळीत वाफ इतकी दाट असते की सहसा ती पेटत नाही, आणि बरेच लांब गेल्यावर ती इतकी विरळ होते की तेव्हाही पेटत नाही. धोक्याचा पट्टा या दोन्हींच्या मधे असतो, म्हणजे डब्याच्या तोंडाशी, नळीच्या टोकाशी, सांडलेल्या थेंबांभोवती. माणसाचे हात नेमके तिथेच काम करत असतात.

तिसरा तपशील आवाक्याचा. दोन चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडाले तर त्याची साधारण दोन लिटर वाफ होते आणि ती हवेत मिसळून शंभर-सव्वाशे लिटर पेटू शकणारे मिश्रण तयार करू शकते. ‘थोडेसेच सांडले’ या वाक्याचा खरा अर्थ एवढा मोठा आहे.

न दिसणारी ठिणगी

काडी, सिगारेट, शेगडी यांपासून दूर राहायचे हे कोणालाही कळते. अपघात घडवणारी ठिणगी बऱ्याचदा दिसत नाही आणि ती माणसाच्या अंगावरच असते.

पेट्रोल विजेचे वाईट वाहक आहे. नळीतून, विशेषतः फिल्टरमधून वाहताना त्यात स्थिर विद्युतभार साठतो. कृत्रिम धाग्याचे जॅकेट घालून मोटारीच्या सीटवरून उतरणाऱ्या माणसाच्या अंगावरही तो साठतो. पेट्रोलची वाफ पेटवायला फक्त 0.2 मिलिज्युलच्या आसपास ऊर्जा पुरते. मोटारीच्या दाराला हात लावताच बोटाला बसणारा झटका जेमतेम जाणवतो तेव्हाच शरीरावर तीनेक हजार व्होल्ट असतात, आणि त्या ठिणगीतली ऊर्जा या गरजेपेक्षा जास्त भरते. पावसाळ्यात दमट हवेमुळे हा भार लवकर निघून जातो. दख्खनच्या पठारावर डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत तो टिकून राहतो, आणि मॉडेल उडवण्याचा खरा हंगामही तोच.

अमेरिकेत पेट्रोल पंपांवरच्या आगींच्या नोंदी पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने गोळा केल्या, तेव्हा संशय मोबाइल फोनवर होता. मोबाइलमुळे आग लागल्याचे सिद्ध झाले नाही. पुन्हा पुन्हा आढळले ते हे, की इंधन भरता भरता माणूस गाडीत जाऊन बसला, अंगावर भार घेऊन उतरला आणि त्याने सरळ नोझलला हात लावला. त्याच देशातल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधले होते. पिकअप ट्रकच्या मागच्या भागात प्लॅस्टिकचे अस्तर असते. त्यावर कॅन ठेवून पेट्रोल भरताना भडका उडाल्याच्या घटना घडल्या होत्या. अस्तरामुळे कॅनवरचा भार जमिनीत उतरू शकत नव्हता.

आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. पंपावर डबा मोटारीच्या डिकीतल्या गालिच्यावर किंवा स्कूटरच्या पायदानावरच्या रबरी मॅटवर ठेवून भरू नये. तो खाली फरशीवर ठेवावा, नोझल डब्याच्या कडेला टेकलेले राहू द्यावे आणि धार बारीक ठेवावी.

डबा कोणता

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल नेणे हा सर्वांत मोठा आणि सर्वांत रुळलेला प्रमाद आहे. बाटलीचे झाकण वाफेसाठी बनवलेले नसते, उन्हात ती फुगते, आणि तहानलेले मूल तिला तोंड लावू शकते. 1934च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. मात्र ते काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यात हवे. काच किंवा चिनीमाती असेल तर एका भांड्यात एक लिटरपेक्षा जास्त नको, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपेक्षा जास्त नको. मॉडेल उडवणाऱ्याला दोन ते पाच लिटरचा धातूचा डबा भरपूर होतो. धातूचा आणखी फायदा असा की त्याला तार जोडून विद्युतभार जमिनीत सोडता येतो. साध्या प्लॅस्टिकला तसे करता येत नाही.

डबा गळ्यापर्यंत भरू नये. तापमान 30 अंशांनी वाढले तर एक लिटर पेट्रोल साधारण 28 मिलिलिटरने फुगते. वर दहावा हिस्सा जागा रिकामी सोडावी आणि उन्हात राहिलेल्या डब्याचे झाकण फडके धरून हळूहळू, दाब सोडत उघडावे.

टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. 32:1 म्हणजे लिटरमागे सुमारे 31 मिलिलिटर तेल, 40:1 म्हणजे 25, 50:1 म्हणजे 20. हे काम घरात किंवा बंद गॅलरीत करू नये, उघड्यावर करावे. मिसळून झाल्यावर डब्यावर प्रमाण आणि तारीख ठळक लिहावी. तेल मिसळले म्हणून पेट्रोल कमी ज्वालाग्राही होत नाही.

2025पासून देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांचे अनेक उत्पादक 10 टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको म्हणतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि काही जातींचे रबर त्याच्या सहवासात फुगते किंवा मऊ पडते. त्यामुळे नळ्या, बूच आणि कार्ब्युरेटरचे पडदे पूर्वीपेक्षा जास्त वेळा तपासावे लागतात. पावसाळाभर पडून राहिलेले मिश्रण विमानात भरू नये.

विमानाच्या पोटातली नळकामे

इंधन भरताना सांडते त्याचे मूळ पुष्कळदा विमानाच्या आतच असते. ग्लो इंजिनांवर वापरली जाणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि सैल पडून निसटते. पेट्रोलसाठी टायगॉन किंवा व्हिटॉनसारखी, त्याच कामासाठी बनवलेली नळीच हवी. टाकीचे रबरी बूचही पेट्रोलला टिकणारे हवे. पेट्रोल लागले की नळी बुळबुळीत होते, म्हणून प्रत्येक जोडावर बारीक झिपटाय किंवा पातळ तारेचा फास घट्ट करावा. टायगॉन कालांतराने कडक होते, मुडपली की तडकते. वर्षातून एकदा सगळ्या नळ्या बदलणे हा काही शे रुपयांचा खर्च आहे.

टाकीची सर्वांत सोपी रचना तीन नळ्यांची. एक कार्ब्युरेटरकडे जाणारी, दुसरी हवेसाठी, तिसरी भरण्यासाठी. पहिल्या आणि तिसऱ्या नळीला टाकीच्या आत वजनदार टोक असते, जे इंधनाबरोबर सगळीकडे फिरते. हवेची नळी टाकीच्या माथ्याशी संपते आणि बाहेर विमानाच्या पोटाखाली येते. भरायच्या नळीचे तोंड धडाच्या बाजूवर छोट्या बुचाने बंद केलेले असते. दोनच नळ्या असतील तर कार्ब्युरेटरच्या नळीतच टीच्या आकाराचा जोड बसवून भरावे लागते. तेव्हा कार्ब्युरेटरकडचा फाटा चिमट्याने दाबून बंद ठेवला नाही, तर दाबाने इंधन थेट इंजिनात शिरते आणि सुरू करताना सायलेन्सरमधून थेंबथेंब बाहेर येते.

भरण्याचा क्रम

अमेरिकेत जंगलतोड करणाऱ्या कामगारांसाठी एक सरकारी नियम आहे. करवतीत इंधन उघड्या आगीपासून किमान दहा फूट लांब भरावे आणि करवत जिथे भरली तिथून किमान दहा फूट लांब नेऊन सुरू करावी. मॉडेल विमानांची अनेक इंजिने याच करवतींच्या घराण्यातली आहेत, म्हणून नियमही जसाच्या तसा उचलावा. माळावर भरण्याची जागा आणि सुरू करण्याची जागा वेगळी असावी. भरायची जागा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वाळल्या गवतापासून मोकळी, पार्किंगपासून आणि लिपो बॅटऱ्या चार्ज होत असलेल्या टेबलापासून लांब असावी. शेजारी दोन किलोंची, आयएसआय शिक्क्याची ड्राय पावडरची आग विझवणारी नळकांडी हाताशी ठेवावी. ती गाडीच्या डिकीत असून उपयोग नसतो. पावडर नसेल तर वाळूची बादली तरी हवी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये, पेटते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते.

जागा ठरली की विमान तिथे न्यावे आणि सर्वांत आधी इग्निशनचा स्विच बंद असल्याची खात्री करावी. रिसीव्हरही बंद असावा. विमानाचे पट हलवणाऱ्या सर्व्होंमधल्या साध्या मोटारींत ब्रशजवळ बारीक ठिणग्या पडतात, आणि त्या नेमक्या धडाच्या आत, वाफ साचते तिथेच असतात. ट्रान्समीटर बाजूला ठेवावा.

त्यानंतर भरणाऱ्याने इंधनापासून लांब एखाद्या मोकळ्या धातूला, जमिनीत ठोकलेल्या सळईला किंवा लोखंडी कुंपणाला हात लावून अंगावरचा भार सोडावा. डब्याचे झाकण उघडण्याआधी धातूचा डबा त्या सळईला तारेने जोडावा आणि दुसऱ्या तारेने डबा व विमानाचा सायलेन्सर किंवा इंजिनाचा धातूचा भाग एकमेकांना जोडावेत. दोन्ही टोकांना मगरचिमटे असलेल्या तारा यासाठी पुरतात. उघडल्यावर गाडीत जाऊन बसणे, जॅकेट काढणे टाळावे.

हाताने फिरवायचा पंप सर्वांत चांगला. बॅटरीवरचा पंप वापरायचाच असेल तर तो पेट्रोलसाठी म्हणून विकला गेलेला असावा, आणि त्याची बॅटरी इंधन भरण्याआधी जोडावी, सगळी झाकणे लागल्यावर काढावी. चिमटा लावताना-काढताना पडणारी ठिणगी उघड्या पेट्रोलजवळ नको. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय कायमची सोडावी. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसांना गंभीर इजा होते. कोणी गिळलेच तर उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

हवेच्या नळीचे टोक गवतावर लोंबू देऊ नये, छोट्या बाटलीत सोडावे. पंप सावकाश फिरवावा आणि डोळे त्या टोकावर ठेवावेत. तिथे पहिला थेंब दिसताच थांबावे. हवेची नळी मुडपलेली किंवा चिखलाने बंद असेल तर टाकीत दाब साठतो, टाकी फुगते आणि बूच निसटून अर्धा लिटर पेट्रोल धडात पडते. म्हणून पंप जड लागला तर जोर न लावता थांबून कारण शोधावे.

टाकी भरली की आधी विमानाचे बूच, मग डब्याचे झाकण, मग बाटली बंद करावी. सांडलेले पुसावे आणि फडके खिशात न कोंबता उघड्यावर वाळू द्यावे. त्यानंतर धडाचे झाकण उघडून वास घ्यावा. आत पेट्रोलचा वास असेल तर विमान उघडे ठेवून गळती शोधावी. रिसीव्हरचा स्विच तोवर लावू नये. वास नसेल तर विमान उचलून दहा पावलांवर सुरू करण्याच्या जागी न्यावे, मगच रिसीव्हर, आणि सर्वांत शेवटी इग्निशन.

दुसरे उड्डाण

सकाळच्या पहिल्या भरणीत सगळे काळजी घेतात. घाई होते ती दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणाच्या आधी, कारण वारा चढत असतो आणि पट्टी मोकळी मिळालेली असते. उतरलेल्या विमानाचा सायलेन्सर काही मिनिटांपूर्वी अतितप्त वायू ओकत होता. पेट्रोलची वाफ अडीचशे-पावणेतीनशे अंशांच्या पुढच्या पृष्ठभागावर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. सायलेन्सरला हात टेकवता येईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटे, भरू नये. तेवढ्यात पंख्याची पाती, बोल्ट आणि नळ्यांचे जोड तपासून होतात.

एकाच मैदानावर ग्लो आणि पेट्रोल दोन्ही विमाने असतात तेव्हा आणखी एक जाण हवी. मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. रंग उडत चाललेले विमान किंवा हवेत थरथरणारी उष्णता दिसली, तर ती आगच समजून वागावे.

आग लागलीच तर

पेटत्या डब्याला लाथ मारू नये, तो उचलून पळू नये. तसे केल्याने आग माणसावर आणि गवतावर पसरते. माणसे आधी मागे न्यावीत. नळकांडी वाऱ्याच्या बाजूने धरून ज्वाळेच्या बुडाशी डावीकडून उजवीकडे फवारावी. काही सेकंदांत आटोक्यात आली नाही तर विमान सोडून द्यावे आणि 101 किंवा 112 क्रमांकावर फोन करावा. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर आडवे होऊन लोळावे. भाजलेल्या भागावर टूथपेस्ट, हळद, शाई काहीही न लावता वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि डॉक्टरांकडे जावे. पेट्रोल सांडून कपडे भिजले असतील, तर ते पूर्ण वाळेपर्यंत इंजिन, सिगारेट, शेगडी सगळ्यांपासून लांब राहावे. त्वचेवर लागलेले साबणाने धुवावे.

2021च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन आणि करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, 25 किलोंपर्यंतच्या मॉडेल विमानांना वेगळे स्थान दिले आहे, त्यामुळे मोठी पेट्रोल मॉडेले इथून पुढे वाढतील. एनसीसीच्या वायुदल शाखेतले कॅडेटही एरोमॉडेलिंग शिकतात. नवशिक्या मुलाने टाकी भरायची असेल तेव्हा अनुभवी माणसाने हाताची घडी घालून शेजारी उभे राहावे आणि क्रम त्याच्याकडून बोलून घ्यावा.

दिवस संपला की टाकी रिकामी करायची, तीही भरायच्या जागीच, त्याच क्रमाने. मग सुरू करण्याच्या जागी नेऊन इंजिन एकदा सुरू करून कार्ब्युरेटरमधले उरलेले इंधन जाळून टाकावे. विमान भरल्या टाकीने गाडीत घेऊन जाऊ नये. बंद काचांच्या मोटारीत दुपारी तापमान सहज पन्नाशी ओलांडते आणि हवेची नळी उघडीच असते. डबा उभा, पडणार नाही असा बांधून न्यावा, काचा खाली ठेवाव्यात. घरी तो स्वयंपाकघराच्या, देवघराच्या आणि गीझरच्या जवळपास नको. लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशी सावलीची, हवेशीर, बाहेरची जागा त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवावी, आणि पुढच्या रविवारी निघताना झाकण घट्ट आहे ना, हे हात लावून पाहूनच डबा उचलावा.